हाड नाही म्हणतात, मग ग्राफ्ट करायचाच का?

भाऊ, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते म्हणजे उत्तर कशाचं आहे ते कळेल. आप्पा ६२ वर्षांचे, चोपड्याकडे शेती, केळी आणि कापूस. खाली डावीकडच्या दोन दाढा आणि वर उजवीकडच्या दोन दाढा सहा-सात वर्षांपूर्वी काढल्या, तेव्हापासून तिथे काहीच बसवलं नाही. आता एका डॉक्टरांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, काढून सांगितलं की दोन्हीकडे हाड कमी आहे, खाली ग्राफ्ट म्हणजे हाड वाढवायला भरायचा माल, वर सायनस लिफ्ट म्हणजे दाढांवरच्या पोकळीचा तळ उचलून खाली तोच माल भरायचा, सगळं मिळून वर्ष-सव्वा वर्ष जाईल. दुसरीकडे गेलात तर ते म्हणाले ग्राफ्टबिफ्ट काही नको, आठ दिवसात फिक्स दात देतो. आप्पांना शुगर, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर ८.६, तंबाखू चालू, आणि माळकरी माणूस, त्यामुळे बैलाचं हाड तोंडात घालतात हे कानावर आल्यावर त्यांनी विषयच बंद केला. तर आता ऐकायचं कुणाचं.

मी हेच काम करते, हिरड्या, हाड, इंप्लांट म्हणजे हाडात बसवायचा स्क्रू ज्यावर नवीन दात बसतो, जळगावात, बरीच वर्षं झाली. आप्पांसारखे पेशंट रोज बघते, रावेरचे, यावलचे, अमळनेरचे, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितला पैसा लागतीन आनि कितला दिन?" दोन्हीची उत्तरं देते पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बाटलीतून येतो तो ग्राफ्ट, हाड नव्हे. हाड आप्पांचं शरीर तयार करणार, ग्राफ्ट म्हणजे नुसता मांडव, वेल जमिनीतून यायला पाहिजे. म्हणून कुठल्या कंपनीचा ग्राफ्ट, स्विस का कोरियन, यावर लोक जेवढी डोकेफोड करतात तेवढी त्याची गरज नसते, आणि शुगर किती, तंबाखू सुटली का, जखम बंद राहील का, यावर कुणी बोलत नाही तिथेच सगळं ठरतं.

आधी हाड गेलं कुठे ते बघू. दाताभोवतीचं जबड्याचं हाड दातासाठीच असतं, दात काढला की शरीराला त्याची गरज वाटत नाही आणि ते वितळायला लागतं. हे काही वर्षांनी सुरू होत नाही, लगेच सुरू होतं. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यातच होऊन जाते. उंची त्यामानाने कमी जाते, रुंदी जास्त, आणि गालाकडची बाजू आधी जाते कारण तिकडची भिंत मुळातच पातळ असते, वरच्या पुढच्या दातांपाशी तर बऱ्याच लोकांची एक मिलिमीटरसुद्धा नसते. त्यात दात काढायच्या आधीच पायरिया असेल, हलायला लागलेला दात "उद्या काढू, आपोआप पडेल" करत वर्ष दोन वर्ष तसाच ठेवला असेल, मुळाशी पू होऊन गाठ झाली असेल, तर दात निघायच्या आधीच हाड खाल्लेलं असतं. वर्षानुवर्षं ढिल्या कवळीचा दाब बसला तरी जातं. वरच्या दाढांची गोष्ट आणखी वेगळी, त्यांच्या वर सायनस म्हणजे वरच्या जबड्याच्या हाडातली पोकळ जागा असते, दाढ गेली की वरून सायनस खाली पसरतो आणि खालून हाड झिजतं, दोन्हीकडून मार.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, आप्पांसाठी उशीर झाला पण घरात अजून कुणाची दाढ काढायची असेल तर उपयोगी पडेल. पुढे इंप्लांट करायचा विचार असेल तर दात काढायच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा की त्याच खड्ड्यात ग्राफ्ट भरून ठेवायचा का. याला सॉकेट प्रिझर्वेशन म्हणतात. हाड अजिबात जात नाही असं नाही, पण बरंच वाचतं, खर्च नंतरच्या मोठ्या ग्राफ्टपेक्षा पुष्कळ कमी, आणि चार-सहा महिन्यात इंप्लांटला जागा तयार मिळते. सगळ्यांनाच लागतं असंही नाही, दाढेच्या चारही भिंती शाबूत असतील आणि दोन-तीन महिन्यात इंप्लांट करायचाच असेल तर नुसतं नीट भरू दिलं तरी चालतं. पण आपल्याकडे काय होतं, दात दुखला की "काढी टाका डॉक्टर, झंझट नको", आणि पाच-सात वर्षांनी तोच माणूस हाड शोधत येतो.

आता हाड कमी म्हणजे किती कमी. साधा इंप्लांट साधारण चार मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर हाड राहायला पाहिजे, म्हणजे रुंदी सात मिलिमीटरच्या आसपास हवी, सहा असेल तर जरा जपून. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून नस जाते, ओठ आणि हनुवटीची संवेदना तिच्यावर, तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर लांब राहायचं. म्हणून ओपीजीवर, म्हणजे तो संपूर्ण जबड्याचा आडवा एक्सरे, त्यावर हाडाचा निर्णय होत नाही, त्यात रुंदी दिसतच नाही. तुम्ही सीबीसीटी काढलाय ते चांगलं केलं, फक्त फिल्म नको, सीडी किंवा फाइल मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांना ती उघडून फिरवून बघता येते.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये खाली डावीकडे नसेच्या वर १२ मिलिमीटर उंची आहे आणि वरच्या टोकाला रुंदी ४, पण दोन मिलिमीटर खाली आलं की ६ च्या वर जाते. वर उजवीकडे सायनसच्या खाली उरलंय ३ मिलिमीटर.

खालच्या बाजूला, मला विचाराल तर, ग्राफ्टची गरजच नसावी. तो वरचा धारदार दोन मिलिमीटरचा भाग घासून सपाट केला तर उंची १० राहते, रुंदी ६ मिळते, त्यात ८ मिलिमीटर लांबीचा आणि थोडा कमी जाडीचा इंप्लांट नसेपासून दोन मिलिमीटर अंतर ठेवून बसतो. एखादा डॉक्टर म्हणेल की नको, मी उंची घालवत नाही, बाजूला ग्राफ्ट घालून रुंदी वाढवतो, तेही बरोबर आहे आणि तिशीतल्या पोराला मीही तसंच सांगेन. पण ६२ वर्षांचा माणूस, शुगर, तंबाखू, त्याच्या तोंडात जेवढं काम कमी तेवढं बरं. हे फाइल उघडून न बघता लिहितेय, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, "वरचा भाग सपाट करून ग्राफ्टशिवाय जमेल का?" नाही म्हणाले तर का नाही ते त्यांना स्क्रीनवर दाखवता आलं पाहिजे.

वरच्या ३ मिलिमीटरला मात्र पळवाट कमी. पाच-सहा मिलिमीटर असते तर इंप्लांटच्याच भोकातून सायनसचा तळ हलका वर ढकलून तिथल्या तिथे काम झालं असतं. तीनमध्ये इंप्लांट घट्ट उभा राहणं अवघड, बाजूने खिडकी करून सायनस लिफ्ट करायची आणि सहा ते नऊ महिने थांबून मग इंप्लांट. हे काही नवीन खूळ नाही, अमेरिकेत टॅटम यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेलं, बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये छापलेलं, म्हणजे जगभर चाळीस-पन्नास वर्षं चाललेलं ऑपरेशन आहे आणि हाड वाढवायच्या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात भरवशाचं हेच वाटतं, कारण सायनस ही बंद खोली आहे, आत ठेवलेला ग्राफ्ट हलत नाही, तोंडाची घाण लागत नाही. उलट खालच्या जबड्यात हाडाची उंची वाढवणं हे सगळ्यात बेभरवशाचं, रुंदी वाढवणं जमतं, उंची वाढवून देतो असं कुणी सहज म्हणालं तर जरा सावध व्हा.

पण मुळात आप्पांना वर उजवीकडे दाढा हव्यातच का हा प्रश्न कुणी विचारला का? बघा, खाली डावीकडे इंप्लांट झाला की त्याच्या समोर वर डावीकडे त्यांच्या स्वतःच्या दाढा आहेत, म्हणजे डाव्या बाजूने भाकरी व्यवस्थित चावली जाईल. उजवीकडे वरच्या लहान दाढा शाबूत आहेत, तेवढ्यावर ती बाजूही थोडीफार चालते. बऱ्याच लोकांचं लहान दाढांपर्यंतच्या दातांवर आयुष्य मजेत निघतं, २८ दात पूर्ण केलेच पाहिजेत असा कुठे नियम नाही. मी असते तर आधी डावीकडचं करून घेतलं असतं, सहा महिने त्यावर खाऊ दिलं असतं आणि मग आप्पांनाच विचारलं असतं की उजवीकडे करायचं का. निम्मे लोक म्हणतात राहू द्या.

एक अडचण मात्र येऊ शकते. सात वर्षं समोर दाढ नसली की वरची दाढ हळूहळू खाली लोंबते. इंप्लांटवर कॅप बसायला हिरडीपासून समोरच्या दातापर्यंत सहा-सात मिलिमीटर तरी जागा लागते, ती उरली नसेल तर आधी वरच्या दाढा घासून किंवा कॅप करून पातळीत आणाव्या लागतात. हाडाच्या नादात ही जागा मोजायची राहून जाते आणि मग इंप्लांट उत्तम बसलेला असतो पण दात बसवायला जागा नसते.

आता बैलाच्या हाडाचं. आप्पांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो ऑपरेशनच्या आधी विचारला हे फार बरं झालं, नंतर कळून घरात वाद झालेले मी पाहिलेत. ग्राफ्ट चार प्रकारचे. एक स्वतःचं हाड, अक्कलदाढेच्या मागून किंवा हनुवटीतून काढलेलं, फार मोठं लागलं तर कमरेचं, पण कमरेचं म्हणजे पूर्ण भूल आणि ॲडमिट होणं. दुसरं मानवी हाड, दान केलेलं, प्रक्रिया केलेलं. मुंबईला टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड तिथून मिळतं. तिसरं जनावराचं, बहुतेक गाय-बैल, काही डुकराचं, काही घोड्याचं, त्यातलं सेंद्रिय सगळं काढून नुसता खनिज सांगाडा ठेवलेला असतो, हा वर्षानुवर्षं विरघळत नाही म्हणून आकार टिकवायला चांगला, जगभर याचा भरपूर वापर होतो. चौथं कारखान्यात केलेलं, हायड्रॉक्सीॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह ग्लास, यात प्राणी वगैरे काही नाही.

सायनससाठी चौथ्या प्रकाराने काम व्यवस्थित होतं, माळकरी, जैन, मुस्लिम पेशंटसाठी मी तोच वापरते किंवा त्यांचंच थोडं हाड खरवडून त्यात मिसळते. पण फक्त ग्राफ्ट विचारून थांबू नका, खरी गोम पुढे आहे. ग्राफ्टवर झाकायला जे मेंब्रेन लावतात ते बहुतेक वेळा कोलॅजनचं असतं आणि कोलॅजन म्हणजे बैल किंवा डुक्कर. रक्त थांबवायला खड्ड्यात ठेवतात तो स्पंज जिलेटिनचा असतो, तोही जनावराचाच. कॅटगटचा टाका जनावराच्या आतड्याचा. गोळ्यांच्या कॅप्सूलचं आवरणसुद्धा बऱ्याचदा जिलेटिनच. सगळ्याला पर्याय आहेत, सिंथेटिक मेंब्रेन, सिंथेटिक टाके, पेशंटच्याच रक्तातून केलेलं पीआरएफ, पण ते सामान आधी मागवावं लागतं, पेशंट खुर्चीत बसल्यावर सांगून उपयोग नाही. बॉक्सवर बोवाइन, पोर्साइन, इक्वाइन असं लिहिलेलं असतं, म्हणजे अनुक्रमे गाय-बैल, डुक्कर, घोडा. बॉक्स दाखवा म्हणायला लाजू नका.

पीआरएफचा विषय निघालाच आहे तर, हल्ली ते सगळीकडे मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसतं. हाताच्या शिरेतून रक्त काढतात, मशीनमध्ये फिरवतात, मध्ये पिवळट जेलीचा थर येतो तो वापरतात. जखम भरायला, हिरडी लवकर जुळायला मदत होते, मी वापरते. पण नुसत्या पीआरएफने गेलेलं हाड उभं राहतं असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

ऑपरेशन कसं होतं ते थोडं सांगते, आप्पांना भीती त्याचीच जास्त असते. सायनस लिफ्ट जागेवर इंजेक्शन देऊन होते, पूर्ण भूल लागत नाही, तास-दीड तास लागतो. हिरडी उघडून गालाच्या बाजूला हाडात नखाएवढी खिडकी घासून करतात. घासता घासता हाड पातळ झालं की पांढऱ्याचं निळसर-राखाडी दिसायला लागतं, तिथे हात एकदम हलका करायचा, कारण मागे सायनसचं अस्तर असतं, मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ. मग बोथट वळणदार हत्याराने ते अस्तर हाडापासून सुटं करत करत वर उचलायचं, आधी खालून, मग बाजूने, आणि पेशंट श्वास घेतो तसं ते आतबाहेर हलताना दिसतं, हललं म्हणजे फाटलेलं नाही. खाली जी जागा झाली त्यात ग्राफ्टचे बारीक दाणे, पाव ते एक मिलिमीटरचे, पेशंटच्या रक्तात भिजवून सैलसर भरायचे. ठासून भरलं तर आत रक्तवाहिन्या शिरायला वाट राहत नाही. अस्तर फाटणं हा या ऑपरेशनमधला सगळ्यात नेहमीचा त्रास आहे, छोटं फाटलं तर मेंब्रेन लावून पुढे जाता येतं, मोठं फाटलं तर तिथेच थांबून टाके घालायचे आणि काही महिन्यांनी परत, आणि हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

रुंदी वाढवायचा ग्राफ्ट असेल तर जुन्या हाडाच्या कडक वरच्या थराला बारीक भोकं पाडतात, लाल ठिपके उमटेपर्यंत, कारण रक्त तिथूनच येणार. मग ग्राफ्ट, वर मेंब्रेन, आणि शेवटी हिरडी परत बंद करायची. आता आत माल वाढलाय त्यामुळे हिरडी पुरत नाही, आतल्या बाजूने चिर देऊन ती सैल करावी लागते, एवढी सैल की टाका न घालताही ती दुसऱ्या कडेवर येऊन पडली पाहिजे. ओढून ताणून टाका घातला की आठ-दहा दिवसात जखम उघडणार. ग्राफ्ट फसतो तो बहुतेक इथेच, माल खराब म्हणून क्वचित.

माझ्याकडे यावलकडच्या एक मावशी होत्या, पन्नाशीच्या, खालच्या दाढांच्या जागी रुंदीचा ग्राफ्ट केला, दोन आठवडे टाके एकदम छान, तिसऱ्या आठवड्यात आल्या तर मधोमध पांढरं मेंब्रेन उघडं. खोदून खोदून विचारलं तेव्हा सून म्हणाली, मॅडम त्यांची मिश्री सुटली नाही, फक्त "त्या बाजूने लावत नाही" म्हणतात. मिश्री तोंडात बाजू बघून थांबते का? निम्मा ग्राफ्ट गेला, उरलेल्यात छोटा इंप्लांट बसला ते नशीब. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, माझ्या पेशंटच्या खिशात बघा. तंबाखू-चुना, बिडी, मिश्री, काहीही असो, त्याने हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि चुन्याने चामडी सोलली जाते ती वेगळी. ऑपरेशनच्या आधी दोन-तीन आठवडे आणि नंतर किमान दोन महिने पूर्ण बंद, ही माझी अट असते, आणि तोंड उघडणं कमी झालेलं असेल, आत पांढरे पट्टे असतील, तिखट खाल्लं की आग होत असेल तर ग्राफ्ट-इंप्लांट बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी.

शुगर ८.६ वर मी ग्राफ्ट करणार नाही. इंप्लांटसुद्धा नाही. सात-साडेसातच्या आसपास आणा, आठच्या आत तर हवीच, आणि ती तीन महिन्यांची सरासरी असते त्यामुळे आठवडाभर गोड सोडून खाली येत नाही, फिजिशियनकडे जाऊन गोळ्या नीट लावून घ्या. ते तीन महिने वाया जात नाहीत, त्यात स्केलिंग, हिरड्यांची ट्रीटमेंट, बाकीचे किडलेले दात भरून घ्यायचे, कारण पायरिया असलेल्या तोंडात नवीन हाड बनवायला घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून किंवा कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक ॲसिड, ॲलेंड्रोनेट, डेनोसुमॅब असलं काही इंजेक्शन-गोळी कधी घेतली असेल तर ते आवर्जून सांगायचं, २००३ पासून हे माहीत आहे की असल्या औषधांवर जबड्याचं हाड कधीकधी भरूनच येत नाही, उघडं पडून मरतं. हे बायकांच्या बाबतीत जास्त विसरलं जातं, वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन कुणाच्या लक्षात राहत नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आठ दिवसात फिक्स दात, यावर आता बोलते. ही बेसल किंवा कॉर्टिकल प्रकारची इंप्लांट असतात, जबड्याच्या खोलवरच्या कडक हाडात अडकवतात, बरीचशी एकमेकांना जोडून लगेच दात देतात. फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. ज्यांचे सगळेच दात गेलेत, हाड अगदी कमी, मोठं ऑपरेशन झेपणार नाही अशा माणसाला चांगल्या हाताने केलेलं काम उपयोगी पडतं. पण त्याची ताकदच मुळी बरीच इंप्लांट कमानीसारखी एकत्र बांधण्यात आहे, एका कोपऱ्यातल्या दोन दाढांसाठी ती ताकद येणार कुठून? काही ठिकाणी मग पुढचे चांगले दात काढून संपूर्ण जबडा करायचा सल्ला देतात. आप्पांचे बाकीचे दात शाबूत असतील तर याला सरळ नाही म्हणा. आणि असं काम बिघडलं तर ते काढून परत उभं करणं साध्या इंप्लांटपेक्षा खूप अवघड जातं, मी अशी बिघडलेली कामं काढलीत, त्यानंतर हाड आणखी कमी उरतं.

ग्राफ्ट टाळायचे दुसरे रस्तेही आहेत. सहा मिलिमीटरचे आखूड इंप्लांट आता चांगले चालतात, मागच्या दाढांसाठी मी वापरते. सगळे दात गेलेल्यांना पुढच्या भागात चार, त्यातले मागचे दोन तिरके, असं करून सायनस आणि नस दोन्ही चुकवता येतात. वर हाड फारच नसेल तर गालाच्या हाडात जाणारे लांब इंप्लांट असतात, पण ते काम सगळ्यांचं नाही. आणि खालची कवळी सतत उचलली जाते म्हणून रडणाऱ्या आजी-आजोबांना तर मी पहिल्यांदा हेच सांगते की पुढे हनुवटीपाशी दोन इंप्लांट घालून त्यावर कवळी बटणासारखी बसवून घ्या. तिथलं हाड बहुतेकांचं टिकून असतं, ग्राफ्ट लागत नाही, आणि २००२ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीही खालच्या जबड्याला किमान एवढं तरी द्यावं असंच मत दिलं होतं. स्वस्तात होतं आणि कळण्याची भाकरी खाता येते.

पैशांचं आकड्यात सांगत नाही कारण गावागणिक फरक आहे, पण हिशोब कसा मागायचा ते सांगते. इंप्लांट, त्यावरचा अबटमेंट म्हणजे कॅपला जोडणारा भाग आणि कॅप, ग्राफ्ट किती बाटल्या, मेंब्रेन, सीबीसीटी परत लागणार का, आणि ग्राफ्ट फसला तर दुसऱ्यांदाचा खर्च कुणाचा, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. "पॅकेज" म्हटलं की यातलं निम्मं बाहेर राहतं. ग्राफ्ट आणि मेंब्रेन मिळून कधीकधी इंप्लांटएवढंच बिल होतं. हात आखडता असेल तर धुळ्याला, नाशिकला, संभाजीनगरला डेंटल कॉलेजं आहेत, तिथे पीजीचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली ही कामं करतात, वेळ जास्त जातो, फेऱ्या जास्त होतात, पण काम नीट होतं आणि पैसे बरेच कमी लागतात.

दिवस धरायचे तर शुगर आणायला तीन महिने, डावीकडचा ग्राफ्टशिवायचा इंप्लांट झाला की हाडाला पकडायला तीन महिने, मग कॅप, म्हणजे सहा-सात महिन्यात डावी बाजू चालू. उजवीकडे सायनस लिफ्ट करायची ठरवली तर तिचे सहा ते नऊ, वर इंप्लांटचे चार-सहा. कापूस वेचणीच्या दिवसात तारीख घेऊ नका, धुळीत उभं राहायचं, टाके असताना एसटीने यायचं-जायचं, आराम होत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास उन्हाने आधीच माणूस अर्धा झालेला असतो, पाणी कमी पडतं, तोही काळ मी शक्यतो टाळते. पावसाळ्यात पेरणी उरकली की मधले दिवस बरे.

ऑपरेशननंतर पहिले दहा-बारा दिवस मऊ, कोमट, बिनतिखट. भरीत चालेल पण मिरची न कुटता, खिचडी, पातळ दाल, केळं तर घरचंच आहे. सायनस लिफ्ट असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, आणि आप्पा भजनात असतील तर टाळ वाजवू द्या पण शंख फुंकायचा नाही. दोन-तीन दिवस सूज असते, गालावर निळं-पिवळं उतरतं, नाकातून थोडं रक्त किंवा एखादा दाणा आला तर घाबरू नका पण फोन करा. चौथ्या दिवसानंतर सूज किंवा दुखणं वाढत असेल, ताप, घाण वास, खालचा ओठ बधिरच राहिलाय, यातलं काही असेल तर त्याच दिवशी जायचं, सोमवारची वाट बघायची नाही. त्या जागेवर जुनी कवळी असेल तर डॉक्टरांनी आतून कोरून दिल्याशिवाय घालू नका.

आणि काम झाल्यावर इंप्लांटच्या आणि ग्राफ्टच्या बॉक्समधलं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, साइज, बॅच नंबर असतो. दहा वर्षांनी स्क्रू ढिला झाला आणि तेव्हा ते डॉक्टर गावात नसले तर समोरच्याला कुठला स्क्रूड्रायव्हर लावायचा ते त्यावरूनच कळतं, नाहीतर अर्धा दिवस नुसतं एक्सरे बघून ओळखण्यात जातो. शुगरच्या फाइललाच ते चिकटवून ठेवा, ती फाइल घरात कुणी टाकत नाही.